मुहूर्तावरचा दहावा

दहाव्याला मुहूर्त बघत नाहीत, हे मी विसरलो. पंचवटीतल्या एका गुरुजींची वेबसाइट बनवताना विसरलो.

कागदावर सगळं झकास आखलं होतं. लग्न-मुंजीची गिऱ्हाइकं वेगळी, वास्तुशांतीची वेगळी, घरात कुणी गेलंय ती वेगळी. चहा पिता पिता गुरुजींना मी ग्राहकांच्या मानसिकतेवर अर्धा तास ऐकवलं. मग कंटाळा आला आणि तिघांनाही एकच कॅलेंडर जोडून दिलं. पंचांगातले वाईट दिवस त्यात आपोआप बंद. शिवाय गुरुजींना दिवसभर फोन येतात म्हणून त्यांचा नंबरही काढून टाकला. किती हुशार मी!

निफाडकडच्या एका मुलाची आई गेली. दहावा आला अमावास्येला. त्यानं ती तारीख तीनदा दाबली. तिन्ही वेळा साइट म्हणाली, ‘या दिवशी शुभ मुहूर्त नाही. कृपया पुढचा दिवस निवडा.’ स्क्रीनवर वरून अक्षता पडत होत्या, तीही माझीच करामत. विचारायला साइटवर नंबर नाही. घराण्याचे गुरुजी आहेत, तीनदा दाबलंय म्हणजे त्यांना कळलंच असेल, असं धरून सगळे भावकीसकट घाटावर आले. गुरुजींनी मोबाइलवर दिवस मोकळा पाहिला होता. ते येवल्याला साडूंकडे.

घाटावरच्या कुणा ओळखीच्यानं त्यांना कळवलं, तेव्हा तिथून त्यांचा मला फोन आला. “मी काही दुपारच्या आत पोचत नाही. तू जा. हात जोड आणि उभा राहा.”

गेलो. मुलाचं मुंडण झालेलं, अंगावर ओला पंचा. पिंडांचा भात डब्यात गार पडलेला. म्हातारे वडील पायरीवर बसले होते. बायकोच्या फोटोला ऊन लागू नये म्हणून त्यावर त्यांनी आपली टोपी धरली होती.

शेवटी दुसरे गुरुजी मिळाले. त्यांच्यापुढे चार घरं आधीच बसलेली, हे पाचवं. घाईत त्यांनी बाईंचं नाव दोनदा चुकवलं. दोन्ही वेळा मुलानं हळूच खरं नाव सांगितलं.

सगळं उरकल्यावर मी म्हाताऱ्यांपुढे हात जोडले. “बाबा, अमावास्या होती ना, म्हणून सिस्टीमनं...”

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली.

“मानूस गेल्यापासून दहावा दिस. बोटावर मोजायचा. दहा मोजता येत नाय, अन् म्हनं कॉम्प्युटरवाला!”