कूलरपुढची गाठ

लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर मी बायकोला दोरीनं बांधायला शिकलो, आणि तेसुद्धा तिच्याच सांगण्यावरून.

गैरसमज नको. मी साधा माणूस आहे. निवृत्त होईपर्यंत सरकारी कचेरीत आरेखक होतो, म्हणजे दुसऱ्यांनी ठरवलेल्या पुलांची चित्रं काढत होतो. मंजुरीशिवाय मी आयुष्यात एक रेघ ओढलेली नाही. अशा माणसाला ह्या वयात नवीन काही शिकवणं म्हणजे शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे, दोघांचेही हाल!

झालं असं, की मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि घरात आम्ही दोघंच उरलो. ती एका खोलीत मोबाइल घेऊन, मी दुसऱ्या खोलीत मोबाइल घेऊन. जेवायला हाक मारायची तर तीसुद्धा मेसेजवर. एक दिवस बायकोनं, म्हणजे संध्यानं, मला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोघांनी मिळून, हातानं काहीतरी करा." मला वाटलं, कुंड्या रंगवायला सांगताहेत. मी लगेच हो म्हणालो.

संध्यानं घरी येऊन लॅपटॉपवर एक ऑनलाइन वर्ग शोधला. मूळची जपानची पद्धत म्हणे. एकानं दोरीनं बांधायचं, दुसऱ्यानं विश्वासानं बांधून घ्यायचं आणि त्यातून नवरा-बायकोनं पुन्हा जवळ यायचं.

"अवं, हे काय वय आहे का?" मी म्हणालो.

"तिशीत तुम्ही दौऱ्यावर होते, चाळिशीत ऑडिट होतं. आता कोणतं काम पडून राहिलं तुमचं?"

काम खरंच नव्हतं. मी जरीपटक्याच्या बाजारात दोरी आणायला गेलो. वर्गाच्या बाईंनी सुती, मऊ आणि बऱ्यापैकी जाड सांगितली होती.

"किसके लिए चाहिए, अंकल?" दुकानदारानं विचारलं.

"पर्दे के लिए," मी म्हणालो.

"इतनी मोटी? हाथी का पर्दा है क्या?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मी घेतली ती नवीकोरी, कांजी केलेली, कडक दोरी. वापरण्याआधी ती धुवायची असते हे बाईंनी सांगितलं होतं, पण तेव्हा मी कागदावर समास आखत होतो.

वर्गाचे नियम मात्र मी सुवाच्य अक्षरांत उतरवले. विचारून बांधायचं. समोरच्याकडे बघत राहायचं. कात्री हाताशी ठेवायची. आणि थांबायचं असेल तर बोलायला एक शब्द ठरवायचा, घरात एरवी कधीच न बोलला जाणारा.

"थँक्यू," संध्या ताबडतोब म्हणाली.

लॅपटॉपच्या पडद्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "चालेल."

माझी अडचण दुसरीच होती. बाई दाखवतील तशी आकृती मी हुबेहूब बांधायचो, पण आधी चित्र काढून, पट्टी लावून. संध्याच्या खांद्यापासून कोपरापर्यंत मोजमाप घेताना ती वैतागून म्हणाली, "मी काय पूल आहो का?" शेवटच्या वर्गात बाईंनी सांगितलं, "आता चित्रं विसरा. समोरच्या माणसाकडे बघा आणि जे सुचेल ते बांधा." सुचणं हे आमच्या खात्यात नव्हतंच!

त्या रात्री संध्यानं निर्वाणीचं सांगितलं. "रविवारी मनानं बांधून दाखवा. जमलं तर पुढं शिकू. नाही तर ह्याच दोरीवर मी कपडे वाळू घालते. मंग तुम्ही तुमच्या खोलीत अन् मी माह्या." ती हसत नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही.

रविवारची दुपार. मे महिना. अख्खी गल्ली दारं-खिडक्या लावून झोपलेली. मी कूलर लावला, त्याच्या टाकीत पाइप सोडला, दोरी घेतली आणि खोलीचा नकाशा टेबलावर ठेवला. (कात्रीची जागा त्यात दाखवली होती. पलंगाच्या उजव्या कोपऱ्यात. कात्री तिथेच होती, गरज पडली तेव्हाही तिथेच होती.)

संध्यानं नकाशा उचलून पलंगाखाली टाकला. "कागद नाही पायजे."

मी उभा. ती बसलेली.

"काय करून राहिले?"

"विचार करून राहिलो."

"माह्याकडे पाहून करा ना!"

मी पाहिलं. खरंच पाहिलं. तिच्या ओठावर घामाचे थेंब होते. आणि मला चक्क सुचलं! मी तिला कूलरसमोर नेऊन बसवलं. आमचा कूलर खिडकीच्या अर्ध्या भागात बसतो, उरलेल्या अर्ध्या भागात गज आहेत. मी तिचा उजवा हात हळुवार बांधला. मग वाटलं, तिनं एकटीनंच का बांधून घ्यावं? म्हणून त्याच दोरीत माझा डावा हात घातला, आणि शेवटी दोन्ही हातांसकट दोरी खिडकीच्या गजाला अडकवून टाकली. कोणत्याही चित्रात असलं काही नव्हतं.

"बाप्पा!" संध्या म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. असं कौतुक मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना.

तेवढ्यात कूलरची टाकी भरली. भरून वाहू लागली. कूलरनं आमच्यावर तुषार सोडायला सुरुवात केली. आधी गार वाटलं. मग नवी सुती दोरी भिजली आणि आवळली. मी गाठ ओढली, ती आणखी बसली. दातांनी ओढली, दात हलला. कात्री पलंगाच्या कोपऱ्यात, मोकळा हात तिथवर पोचेना.

"थँक्यू," संध्या म्हणाली.

"सोडतो, सोडतो!"

"थँक्यू म्हटलं ना मी!"

"अवं, गाठ सुटून नाही राहिली!"

खालच्या मजल्यावर वानखेडे वहिनी राहतात. आमच्या खिडकीखाली बाजेवर त्यांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. कूलरचं पाणी नेमकं तिथेच पडत होतं.

"ओ भाऊ! पाणी बंद करा गा! माह्या कुरडया!"

वहिनींनी वर पाहिलं. त्यांना गजाला बांधलेले दोन हात दिसले, एक बांगड्यांचा आणि एक घड्याळाचा.

"अगं बाई! चोर आले! चोराईनं भाऊ-वहिनीले बांधून ठेवलं!"

पुढच्या दोन मिनिटांत झोपलेली गल्ली जागी झाली. (गॅसच्या टाकीसाठी हाक मारली तर एक माणूस उठत नाही.) संध्या शाळेत शिकवायला जाते म्हणून आमची एक चावी वानखेड्यांकडे असते. जिन्यावर पावलं वाजू लागली.

"आता सांगा काहीतरी," संध्या कुजबुजली.

"काय सांगू?"

"मनानं!"

दार उघडलं. पुढे काठी घेतलेले वानखेडे भाऊ, मागे लाटणं घेतलेल्या वहिनी, त्यांच्या मागे गल्ली.

"कुठं गेले चोर?" वानखेडे भाऊ ओरडले.

"चोर नाही," मी म्हणालो आणि मोकळ्या हातानं कूलर गच्च धरला. "कूलर खिडकीतून निसटून राहिला होता. बांधायले गेलो, अन् हात अडकला."

"तुमचा हात समजला गा. वहिनीचा काहून?" त्यांनी संध्याच्या हाताकडे बोट दाखवलं.

संध्याच म्हणाली, "त्याइले एकट्याले वजन पेलत नव्हतं. सोडून कुठं जाऊ मी?"

वहिनींचे डोळे भरून आले. त्या नवऱ्याकडे वळल्या. "पाहा! याले म्हणतात संसार! आपला कूलर पडला असता, तर तुम्ही कूस बदलून झोपले असते." कुरडया विसरून त्या कात्री घेऊन पुढे झाल्या. कात्री माझीच, नकाशातल्या जागेवरची. दोरी कचकन तुटली.

"थँक्यू, वहिनी," संध्या म्हणाली.

हा शब्द ऐकला की हातातलं सगळं सोडायचं, हे आता माझ्या अंगात भिनलं होतं. मी झटकन मागे सरलो. कूलर जागच्या जागी, ढिम्म. वानखेडे भाऊंनी त्याला हलवून पाहिलं.

"हा तर हलत नाही गा!"

"मंग?" मी म्हणालो. "एवढा वेळ धरला, तेव्हाच बसला जागेवर."

त्यांना ते पटलं. त्यांनी जाऊन आपलाही कूलर बांधला. सोमवारपर्यंत गल्लीतले सगळे कूलर बांधले गेले आणि त्यातल्या बऱ्याच गाठी मला बोलावून मारून घेण्यात आल्या.

सगळे गेल्यावर खोलीभर चिखलाची पावलं होती. मी फडकं घेऊन बसलो. वाटलं, संपलं. दोरीचे दोन तुकडे झाले होते, आता कपडेसुद्धा वाळत घालता येणार नाहीत. संध्या पलंगावर बसून मनगट चोळत होती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "आज अर्धा घंटा तुम्ही माह्याजवळ बसून होते. मोबाइल नाही, पेपर नाही, उठणं नाही."

"अवं, बांधलेला होतो मी!"

"माहीत आहे. म्हणूनच म्हणते, पुढचा वर्ग लावू. पण आता बांधीन मी."

तर सध्या मी बांधून घ्यायला शिकतो आहे. बाई माझ्यावर फार खूश आहेत. असा उपजत विद्यार्थी त्यांनी पाहिला नाही म्हणे. यात स्वतः काही करायचं नसतं, काही सुचवायचं नसतं, ठेवतील त्या जागी, ठेवतील तसं तासभर पडून राहायचं असतं. सरकारी नोकरीची एवढी वर्षं शेवटी कुठेतरी कामी आली!