आत्याबाईंची एक ओळ

आत्याबाई कुणालाही रडवण्याआधी पोटभर खायला घालायच्या. देवासच्या आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटर विभागाच्या त्या प्रमुख; सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत. सकाळी त्यांनी डबा उघडून कुणाला "ये, पोहे घे" म्हटलं की बाकीचे मान खाली घालून कामाला लागायचे, कारण आज पाळी कुणाची ते कळलेलं असायचं. "उपाशी माणसाला बोललेलं आमच्या मातोश्रींना चालत नसे," असं त्या म्हणत. पोह्यांवर शेव मात्र सढळ हाताने घालायच्या.

त्या धारच्या, जुन्या दरबारी घराण्यातल्या. आवाज कधी चढवला नाही. त्यांचं मराठी इतकं सोवळं होतं की आमच्यासारख्या हिंदी शाळेत शिकलेल्यांना आपला अपमान झाल्याचं अर्ध्या तासाने कळायचं. माझे वडील नोकरीसाठी नगरकडून इथे आलेले. "तुझं मराठी ऐकून तुझ्या वडिलांची दया येते," हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं. तरीही त्या मला आवडत. माझ्याकडे इतकं बारकाईने तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षी प्रशिक्षणाला आम्ही दोघं होतो, मी आणि अमझेऱ्याची संध्या. कायमची जागा एकच. संध्याने घरी सांगून ठेवलं होतं, नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही; नाही लागली तर तुम्ही म्हणाल त्याच्याशी करते.

आत्याबाईंनी दोघांना एकच काम दिलं. सर्व्हरवर सॉफ्टवेअरचं एक पॅकेज बसवायचं, पण ते बाहेरून न घेता कारखान्याच्या स्वतःच्या साठ्यातून घ्यायचं. त्या साठ्याचा पत्ता आम्ही आपापल्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिला. पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, इन्स्टॉलर, तरीही बाहेरच्याच पत्त्यावर जाऊन अडकायचा. संध्याने फाइल चार वेळा नव्याने लिहिली, जागा बदलून पाहिली, परवानग्या तपासल्या. "भिया, हा माझी फाइल वाचतच नाही. मेरी ही कुछ गलती होगी," असं मला म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. भिया म्हणजे आमच्या माळव्यात भाऊ.

दुसऱ्या दिवशी मी इन्स्टॉलरलाच विचारलं, तू कुठल्या कुठल्या फाइली वाचतोस? तशी एक कमांड असते. यादीत माझी फाइल नव्हतीच. शोधत गेलो तर सर्व्हरच्या सामाईक सेटिंगमध्ये एक ओळ सापडली. कुणाचीही वैयक्तिक फाइल वाचायची नाही, असं त्या ओळीने इन्स्टॉलरला बजावलं होतं. शेजारी आत्याबाईंचं नाव. दर परीक्षेला त्या ती ओळ घालत, हे मला नंतर कळलं. पत्ता थेट कमांडमध्येच दिला की काम होत होतं.

संध्या शेजारच्याच खुर्चीवर होती. मी स्क्रीन बंद केला.

"तुला काही मिळालं का, भिया?"

"नाही ना यार," मी म्हणालो. सांगायला दोन मिनिटंही लागली नसती, आणि मी तिला आणखी दोन दिवस शोधू दिलं.

शेवटच्या दिवशी आत्याबाईंनी संध्याला पोहे दिले. तिचं खाऊन होऊ दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुझी चूक नव्हती, बाळ. पण चूक आपलीच असणार, असं धरून चालणारं माणूस मला इथे नको." संध्याने बशी धुऊन जागेवर ठेवली आणि अमझेऱ्याची बस धरली. त्याच वैशाखात तिचं लग्न झालं. मला पत्रिका आली होती. मी गेलो नाही.

सात वर्षांनी आत्याबाई निवृत्त झाल्या. त्या सकाळी त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. मला कळलं, तरी मी खाल्लं.

"तुला दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं," त्या म्हणाल्या. "सर्व्हर सगळं लिहून ठेवतो. तू तिला सांगशील म्हणून मी दोन दिवस वाट पाहिली. सांगितलं असतंस तर दोघांनाही ठेवून घेणार होते. वरून तशी परवानगी आणली होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललास?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. सोमवारी दोन नवीन मुली प्रशिक्षणाला येताहेत. सामाईक सेटिंगमधली ती ओळ मी काल पुन्हा घातली, आणि घरी जाताना शेव घेतली.