थोरले जावई आणि पाकळ्यांचा ल

माझ्या सासूबाईंना दोन जावई. थोरला त्यांचा जुना कॉम्प्युटर आणि धाकटा मी. मुलगी त्यांना एकच, त्यामुळे हा हिशेब जुळत नाही, हे मी लग्नानंतर लगेच त्यांच्या लक्षात आणून दिलं होतं. त्या म्हणाल्या, "ज्याला सकाळी उठवावं लागतं, ज्याचा मूड सांभाळावा लागतो आणि जो ऐनवेळी रुसतो, तो जावई. हा तुमच्या आधी घरात आला. मान त्याचा."

सासूबाई एका छोट्या छापखान्यात मजकूर जुळवायच्या. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने सगळ्यांना सांगितलं, आठवण म्हणून काय हवं ते न्या. कुणी कपाट नेलं, कुणी पंखा. सासूबाईंनी आपला कॉम्प्युटर आणि प्रिंटर हातगाडीवर घातला आणि स्वतः गाडीमागे एका हाताने स्क्रीन धरून घरापर्यंत चालत आल्या. तेव्हापासून तो पुढच्या खोलीत खिडकीशी बसलेला आहे. अंगावर फुलाफुलांचं झाकण, शेजारी एक छोटा रंगवायचा ब्रश आणि खोडरबर. तो बिघडला की त्या कुणाला बोलवत नाहीत. एकदा एका दुरुस्तीवाल्याने "आजी, हा आता भंगारात द्या" असं म्हटलं होतं. त्याला त्या घरात परत पाणीसुद्धा मिळालेलं नाही.

दुरुस्तीचा त्यांचा एकच नियम आहे, एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही, म्हणून एक बदलायची, बघायचं, मग दुसरी. हा नियम त्या भाजीत मीठ घालताना पाळतात आणि माणसांनाही लावतात. माझ्या बाबतीत आधी माझे बूट बदलले, मग मोठ्याने जांभई देणं. सध्या माझ्या घाईवर काम चालू आहे आणि ते काही लवकर संपेल असं दिसत नाही.

सासरे बस स्थानकावर उद्घोषक होते. गल्लीत त्यांना सगळे 'माइक' म्हणत. धीरगंभीर, खणखणीत आवाज. पण घोषणा कायम कागदावरून. तरुणपणी एकदा तोंडपाठ म्हणायला गेले आणि एका शाळेचा अख्खा संघ भलत्याच फलाटावर उभा केला, त्या दिवसापासून कानाला खडा. "पाठ करून बोलतो तो नट. उद्घोषक वाचतो," असं ते सांगत. दिवसाची शेवटची घोषणा त्यांच्याच वसाहतीकडे जाणाऱ्या गाडीची असायची. ती झाली की माइक बंद करून धावत सुटायचे आणि त्याच गाडीत चढायचे. ड्रायव्हर त्यांच्यासाठी इंजिन चालू ठेवून थांबायचा.

निवृत्तीनंतर त्यांची नजर गेली. सगळी नाही, मधली. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. रस्त्यात ओळखीचं कुणी हसलं तरी कळायचं नाही, लोकांना वाटायचं हे शिष्ट झाले. मग त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. सासूबाई रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या चार बातम्या मोठ्या, जाड अक्षरांत टाइप करून छापून द्यायच्या. कागद नाकाशी तिरका धरून ते वाचायचे. त्यांचं जग तेवढ्या कागदाएवढं झालं होतं.

अशात निरोप आला, जुनं स्थानक पाडणार आहेत. नव्या ठिकाणी यंत्रातला आवाज बोलेल. जुन्या माइकवरून शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या घोषणा तुम्हीच कराव्यात. सासरे नाही म्हणाले, परत नाही म्हणाले. सासूबाईंनी एक घोषणा भल्या मोठ्या अक्षरांत छापून नुसती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, परत वाचली आणि "बरं" म्हणाले. त्या एका "बरं"साठी सासूबाई किती दिवस थांबल्या होत्या, ते मला माहीत आहे.

आदल्या दिवशी त्यांनी सगळा मजकूर टाइप करून ठेवला. सकाळी छापायचा, संध्याकाळी कार्यक्रम. आणि सकाळी थोरले जावई उठेनात.

माझी बायको कामासाठी परगावी होती. तिचा फोन आला, "आईचा कॉम्प्युटर बंद पडलाय. जा. आणि जास्त शहाणपणा करू नकोस."

मी अर्थातच केला. स्थानकावर फोन लावला, सगळ्या घोषणा तिथल्या कारकुनाकडून उतरवून घेतल्या, लॅपटॉपवर अक्षरं शक्य तेवढी मोठी केली आणि ऑफिसच्या झकास प्रिंटरवर छापून कडक घडीचे कागद घेऊन सासुरवाडीच्या दारात उभा राहिलो. हाताला घाम नाही, कपड्यांना धूळ नाही. थोरल्यांची खोड मोडली, असंच मनात होतं.

सासऱ्यांनी घसा साफ केला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. घाटाकडे जाणारी गाडी फलाट तीनवरून लावकरच सुटे... सुटेला?" ते थांबले. "सुटेला? ही कुठली भाषा, जावईबापू?"

मी कागद पाहिला. स्वच्छ लिहिलं होतं, लवकरच सुटेल.

"ल बघा त्यातला," सासूबाई म्हणाल्या.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नव्या अक्षरांतल्या ल च्या उजव्या अंगाला उभा दांडा असतो. आपला जुना ल नुसत्या दोन पाकळ्यांचा. धड डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही. सासरे मात्र अंधुक आकारांवरून अक्षर ओळखत होते, आणि जास्तीचा दांडा दिसला की तो काना, हे त्यांच्या डोळ्यांचं गणित. सुटेल, थांबेल, जाईल. उद्घोषकाचं अर्धं आयुष्य ल वरच संपतं. मी लॅपटॉपवर पाकळ्यांचा ल शोधला, मिळाला नाही.

सासऱ्यांनी कागद खाली ठेवले. "राहू दे. त्यांना कळवून टाका, जमणार नाही म्हणून."

ते आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. मला स्वतःच्या त्या कडक कागदांचा इतका राग आला की ते टराटरा फाडावेसे वाटले. सासूबाईंनी पदर खोचला आणि पेचकस काढला.

"आधी वीज, मग वायर, मग आतलं. शिव्या सगळ्यात शेवटी. वीज आणि वायर सकाळीच बघितली. चला आत."

बटण दाबलं की पंखा फिरायचा, स्क्रीन काळाच, आणि आतून लांबच लांब शिट्टी, परत परत. "असा लांब ओरडतो ना, तेव्हा दुखणं मेमरीचं. याला आठवेनासं झालंय," त्या म्हणाल्या. प्लग काढला, डब्याचं झाकण उघडलं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या. मी म्हणालो, दोन्ही काढू, दोन्ही पुसू, ती वायरही बदलून टाकू, वेळ कमी आहे. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हात मागे बांधले.

एक पट्टी काढली, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, ब्रशने खाच झाडली, पट्टी बसवली. शिट्टी. दुसरी काढून तिचंही तसंच केलं. परत शिट्टी. मग पहिली बाहेर ठेवून एकट्या दुसरीवर चालू केलं. शिट्टी थांबली आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली.

"एक पट्टी गेली," सासूबाई म्हणाल्या. "अर्ध्या आठवणीवर उठलाय. चालेल. या घरात सगळं अर्ध्यावरच चाललंय, आणि छान चाललंय."

आतली बटणासारखी बॅटरी संपलेली असल्याने तो तारीख विसरला होता आणि अडून बसला होता. त्याने दाखवलेली तारीख माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधीची होती.

"बघा, थोरल्यांच्या मते तुम्ही अजून या घरात आलेलेच नाही," त्या म्हणाल्या, आणि तारीख दुरुस्त करून पुढे गेल्या. घोषणांची फाइल जागेवर होती. मी म्हणालो, ही लॅपटॉपवर घेतो आणि ऑफिसात छापतो. "खुशाल घ्या. छापखान्याचं हे जुनं अक्षर तिथे नाही, सगळी भुताटकी दिसेल," त्या म्हणाल्या. मी करून पाहिलं. खरोखरच चिन्हांचा नुसता बुजबुजाट. छापायचं तर याच घरात.

प्रिंटर कुरकुरला, पण कागद काही ओढेना. सासूबाईंच्या मते कागदाला सर्दी झाली होती, म्हणून त्यांनी कागद खिडकीत वाळवला. उपयोग शून्य. ही त्यांची चूक, आणि मी ती इथे मुद्दाम नोंदवतो, कारण अशी संधी क्वचित येते. मग त्यांनी कागद ओढणारा रबरी रूळ ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. त्यावेळी मी इकडे छापण्याचं बटण दाबत होतो. काही होत नाही म्हणून पुन्हा. आणि पुन्हा.

रूळ पुसून होताच प्रिंटरने एकदम कागद ओढला. पहिलं पान बाहेर आलं. आम्ही टाळी दिली. मग पुन्हा पहिलं पान आलं. मग पुन्हा पहिलंच. शाई संपत आल्याचा लाल दिवा लुकलुकू लागला.

"किती वेळा दाबलंत?" सासूबाई ओरडल्या.

"दोन-तीनदा..."

"लिफ्टचं बटण आहे का ते!" त्यांनी प्रिंटरचा कागदांचा ट्रेच बाहेर ओढला. "जेवणाऱ्याचं ताट ओढू नये म्हणतात, पण हा माझी सगळी शाई खाईल." प्रिंटर उपाशीपोटी गुरगुरत थांबला. त्यांनी रांगेत उभी असलेली माझी सगळी पानं एकेक करून रद्द केली. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसलो.

टोनरची, म्हणजे शाईची, नळी काढून त्यांनी सुपात धान्य पाखडावं तशी हलवली, परत बसवली आणि एकदाच बटण दाबलं. एक एक करत सगळी पानं आली. शेवटच्या पानाची खालची ओळ जराशी फिकी होती, पण आम्हा दोघांना नीट वाचता आली. वेळ होत आला होता. सासूबाईंनी पहिलं पान आत नेलं आणि पलंगावर ठेवलं. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "सुटेल." मग जरा मोठ्याने, "सुटेल!" आणि पाठोपाठ, "माझा पांढरा शर्ट कुठे आहे?"

स्थानकावर बरीच गर्दी होती. जुने वाहक, ड्रायव्हर, हमाल, चहावाला. सासरे काचेच्या केबिनमध्ये बसले, आम्ही दाराशी उभे. माइक खरखरला आणि तो आवाज फलाटांवर पसरला. माणसं बोलायची थांबली. घाटाकडची गाडी, बाजाराची गाडी, इस्पितळाची गाडी, एकेक सुटेल, थांबेल, जाईल, सगळे ल ठणठणीत. सासूबाईंचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते.

मग शेवटचं पान आलं. खालच्या ओळीशी सासरे थांबले. कागद नाकाशी नेला, तिरका केला, उलट बाजूला तिरका केला. माइक नुसता घूं करत राहिला.

"टोनर," सासूबाई पुटपुटल्या. फिकी ओळ आम्हाला दिसत होती म्हणून ती त्यांनाही दिसेल, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. दुपारी मी ल च्या बाबतीत केली तीच चूक. सासूबाईंचा चेहरा पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्या आत जायला निघाल्या.

तेवढ्यात सासऱ्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं," ते म्हणाले. "पोस्ट, दवाखाना, गिरणी आणि पाण्याच्या टाकीमार्गे वसाहतीकडे जाणारी शेवटची गाडी फलाट एकवरून सुटेल." क्षणभर थांबले. "ड्रायव्हरने उद्घोषकासाठी थांबावं. त्याच्या घरी वाट बघतायत."

बाहेर फलाट एकवर गाडीचा भोंगा वाजला, लांबलचक.

आम्ही त्याच गाडीने घरी निघालो. गाडी स्थानकाबाहेर पडली. मग सासूबाई म्हणाल्या, "शेवटी पाठ करून बोललात. नट झालात."

"ती पाठ केली नव्हती गं," सासरे म्हणाले. "त्या गाडीने रोज घरी आणलं मला."

"ठाऊक आहे. टाकीपाशी तिचा भोंगा ऐकला की मी जेवण गरम करायला ठेवायचे. एवढी वर्षं." सासूबाईंनी खिडकीकडे तोंड वळवलं. त्या रडत होत्या आणि लपवत नव्हत्या.

टाकी आली तसे सासरे म्हणाले, "उद्या बाजारात जाऊन टोनर बघून येऊ. मी येतो तुझ्याबरोबर."

मी म्हणालो, "मीही येतो."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "एका वेळी एकच."