बोंबलाच्या वासावर गवती चहा

सुगंधी मेणबत्त्या मी घरी करते असं कळलं की बायका हमखास विचारतात, हा छंद कसा लागला? छंदबिंद काही नाही. सुक्या बोंबलाचा वास झाकायचा म्हणून मी मेणबत्त्या करायला लागले. पूर्वी हे सांगायची लाज वाटायची. आता वाटत नाही, म्हणून लिहितेय.

भाईंदर पूर्वेला आम्ही घर घेतलं तेव्हा मजल्यावर चार दारं, त्यातली तीन शाकाहारी. तिसऱ्याच रविवारी समोरची भाभी दारात आली. बोलायला अतिशय गोड बाई. म्हणाली, "बुरा मत मानना भाभी, पर वो जो आप बनाते हो ना, मेरे को उलटी जैसा होता है."

मी सॉरी म्हटलं. एकदा नाही, तीनदा. स्वतःच्या दारात उभी राहून, स्वतःच्या जेवणाबद्दल. तिला खरंच मळमळत असणार, तिचा राग नाही. पण ते तीन सॉरी आठवले की मला अजून माझाच राग येतो.

त्याच आठवड्यात मी मेण आणलं. आमच्या घरात मेणबत्ती काही नवी नाही, रोजच्या बुद्धवंदनेला पांढरी मेणबत्ती लागतेच. पण वासाची मेणबत्ती कशी करतात याचा पत्ता नव्हता. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात लहान पातेलं ठेवून मेण वितळवायचं, कटिंग चहाच्या ग्लासात ओतायचं आणि वात मधोमध उभी राहावी म्हणून तिला कपड्यांचा चिमटा लावून तो ग्लासावर आडवा ठेवायचा. इथवर सोपं. पहिल्या खेपेला कढत मेणातच सुगंधी तेल ओतलं. सगळा वास स्वयंपाकघरात उडून गेला, मेणबत्तीत नावालाही उरला नाही. दुसऱ्या खेपेला जास्तीचं शहाणपण करून कुंडीतला गवती चहा चिरून घातला. वात खाली आली तशा पाती पेटल्या आणि ग्लास तडकला. नवरा म्हणाला, "वास जाईल का माहीत नाही, घर मात्र नक्की जाईल."

पाचव्या खेपेला जमलं. मेण जरा निवल्यावर तेल घालायचं, आणि पाती कुंडीतच राहू द्यायच्या. मोगरा, गुलाब मासळीपुढे टिकत नाहीत, उलट दोघं मिळून असा काही वास करतात की विचारू नका. गवती चहाचं तेल मात्र बोंबलाला पुरून उरतं.

मग तेच सुरू झालं. मासळीच्या दिवशी खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल आणि घरात तीन मेणबत्त्या. भाभी खूश. "अब तो आपके यहाँ से कुछ आता ही नहीं," म्हणाली, आणि दिवाळीत नातेवाइकांना द्यायला माझ्याच मेणबत्त्या घेऊन गेली. त्यातून ऑर्डरी येऊ लागल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं माझं चाललं होतं. 'कुछ आता ही नहीं' हे तर मी चारचौघींत मिरवलं.

गेल्या वर्षी गावाहून आई आली. टायफॉइडमधून उठलेली, अंगाने निम्मी झालेली. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही, पण पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा ॲडमिट करावं लागेल. आणि तिला तर कशालाच चव लागेना. खिचडी, पेज, सगळ्याचे दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. मला धडकी भरली होती. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, "बोंबलाचं कालवण कर गो. तेवढंच जाईल."

बोंबील तिनेच आणले होते, तीन पिशव्यांत गुंडाळून. मी ते तव्यावर भाजले, वांगं आणि आमसूल घालून कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. आणि सवयीने खिडक्या, टॉवेल, तीन मेणबत्त्या.

आईने घास घेतला. चावत राहिली. मग हातातली भाकरी ताटात ठेवली.

"कसला वास हाय ह्यो? कालवणात चहा टाकलास काय?"

"मेणबत्तीचा आहे, आई."

"मग बोंबलाचा कुठं गेला?"

मी सगळं सांगितलं. भाभी, टॉवेल, सगळं. ती रागावली नाही.

"जिभेला तर कायच कळत नाय," म्हणाली. "नाकानंच जेवायचं, तर तू वासच मारलास." मग दाराच्या फटीतला टॉवेल बघत राहिली. "तू काय चोरी केलीस गो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले, तिन्ही मेणबत्त्या विझवल्या, टॉवेल मोरीत फेकला, खिडक्या उघडल्या. दारही सताड उघडलं. ते जरा जास्तच झालं, कबूल आहे. पण तेव्हा मला जास्तच करायचं होतं. कालवण पुन्हा गॅसवर ठेवलं आणि खदखदू दिलं.

नाकाला ओढणी लावून भाभी आलीच. "क्या हुआ भाभी, कैंडल खतम हो गई?"

"नहीं. डब्बा भरके है."

"तो फिर?"

"मेरी माँ खाना खा रही है. बीमारी से उठी है, उसको ये वास चाहिए." सॉरी अगदी ओठांवर आलं होतं, मी ते गिळलं. "आपको तकलीफ होती है, मालूम है मेरे को. तो कैंडल आप लगाओ."

आणि दोन ग्लास तिच्या हातात ठेवले. तिने ते बघितले, मला बघितलं आणि आपलं दार लावून घेतलं.

मी वळले तर आई दुसरी भाकरी मोडत होती. वाटीत कालवण उरलं नव्हतं. मी पातेलंच तिच्याजवळ ठेवलं.

संध्याकाळी भाभीच्या उंबऱ्यात माझी मेणबत्ती जळत होती. वास छान सुटला होता, काम चोख झालं होतं. ज्याला वास नको त्याने मेणबत्ती लावावी, एवढी साधी गोष्ट कळायला मला सहा वर्षं लागली.

शनिवारी ती आणखी दोन मागायला आली. गाल फुगलेले, पण आली. मी दिल्या, आणि सांगून ठेवलं, "भाभी, कल बांगडा है."