पडीक म्हणून नोंदलेलं जंगल

मी सहावीत असताना वडील परांचीवरून पडले. गवंड्याचा पाय मोडला म्हणजे घराची चूलच थंडावते. बेळगावाकडून बेंगळुरूजवळ येलहंक्याला येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. हक्काचं म्हणावं असं जवळ कुणी नव्हतं. ते वर्ष आईने वस्तीमागच्या जंगलावर काढलं. वाळक्या फांद्यांची मोळी आणायची, निम्मी घरी जाळायची, निम्मी हॉटेलात द्यायची. चिंचा झोडायच्या, करंजाच्या बिया वेचून तेलवाल्याला घालायच्या. माझ्या युनिफॉर्मला धुराचा वास यायचा. एक मुलगी त्यापायी बाक बदलून बसली, ते मी विसरलेले नाही.

पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. विमा कार्यालयात नोकरी लागली, घरात गीझर आला. आई मात्र आंघोळीचं पाणी हंड्यातच तापवायची आणि लाकडासाठी जंगलात जायची.

"सोड की आता. लोक बघतात," मी म्हणायचे.

"बघू देत. गीझरच्या पाण्यानं अंग शेकत नाही."

मग एका रविवारी जंगलात खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. झाडांवर लाल रंगाने आकडे. तिथं एका कंपनीला घरं बांधायची होती. चौकशी केल्यावर कळलं, महसुलाच्या कागदावर ते जंगल नव्हतंच. पडीक जमीन होती. हरकती असतील तर लेखी द्या, असं कचेरीबाहेर लावलं होतं.

मला चैन पडेना. ऑफिसात डबा तसाच ठेवून फोनवर नियम वाचत बसायचे. बसमधून उतरले की घरी जायच्या आधी जंगलाकडे वळायचे, आकडा घातलेलं एखादं झाड कमी झालंय का बघायला.

वडील हसले. "मी जन्मभर घरंच बांधली. त्यावर तू शिकलीस. आता घरं नकोत म्हणून अर्ज?"

"घरं नकोत कोण म्हणतंय, अप्पा? तिथं नकोत."

अर्ज मीच लिहिला, इंग्रजीत, शब्दकोश शेजारी घेऊन. माणसाचा पाय न लागलेलं, अस्पर्श जंगल, असं लिहिलं. मोळीचं नाव काढलं नाही. मला वाटलं, साहेब लोकांपुढे हेच शोभतं. वस्तीने न वाचताच सह्या केल्या. शिकलेल्या पोरीने लिहिलं होतं ना!

सुनावणीला कंपनीचा वकील उठला आणि त्याने माझाच अर्ज वाचून दाखवला. मग कन्नडमध्ये अर्थ सांगितला. "यांचंच म्हणणं आहे सर, तिथं कुणी पाऊल टाकत नाही. कुणाच्याच वापरात नसलेली जागा पडीक नाही तर काय?"

माझे कान तापले. मागे बसलेली आई माझ्या खांद्यावर वाकली.

"तिथं कोण जात नाही म्हणून लिवलीस? मग मी कोण गे?"

मग ती स्वतःच उठली आणि अधिकाऱ्याला कन्नडमध्ये म्हणाली, "सर, पोरगीनं चुकीचं लिवलंय. आम्ही सगळ्या रोज जातो."

"मग तसं लिहून द्या," अधिकारी म्हणाले. "मी जागेवर येऊन बघतो."

पंधरा दिवस मिळाले. मी वही घेऊन घरोघर फिरले. बायका सांगायला लाजत होत्या. ती लाज मला चांगली ओळखीची होती. शेजारची अक्का तर दारातच अडून बसली. "लिहून द्यायचं आणि लाकूडचोर म्हणून आत बसायचं? आमाला शाळा नाही, पण अक्कल हाय स्वल्प."

कायद्याची खात्री मला तरी कुठे होती? मी तिच्यासमोर वहीत पहिलं नाव आईचं लिहिलं, दुसरं माझं. "आत जायचंच तर आधी आम्ही."

"सरी, सरी. बरं, लिव," म्हणत तिने अंगठा पुढे केला. यावेळी सगळं कन्नडमध्ये लिहिलं: कोण काय आणतं, कधीपासून आणतं. प्रत्येकीला वाचून दाखवलं.

अधिकारी आणि कंपनीचा वकील आले तेव्हा वाटेवर वाळक्या फांद्यांचा ढीग होता, वर एक दगड.

"हा दगड कशाला?"

"दोर आणायला घरी गेलं की ठेवायचा, सर," अक्का म्हणाली. "मग दुसरी कुणी त्याला हात लावत नाही."

"आणि लावला तर?" वकिलाने विचारलं.

"तर तिच्या घरी हळदीकुंकवाला कोण जाणार?"

अधिकारी हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

त्यानंतर नुसती वाट पाहणं. त्या दिवसांत मी घरच्यांवर विनाकारण खेकसत होते. मध्येच एका सकाळी जेसीबी आला आणि रस्त्यालगतची झाडं पाडून गेला. कुणाच्या हुकमाने, ते कुणीच सांगेना. आम्ही बायका मग पाळ्या लावून वाटेवर बसलो. मी सुट्ट्या संपवल्या.

पावसाळा सरल्यावर आदेश आला. घरांची परवानगी नाकारली गेली. रस्त्यालगतची झाडं गेली ती गेलीच. बाकीची सगळी जागा कागदावर जंगल म्हणून नोंदली गेली, आणि वाळकं लाकूड, चिंच, करंज वेचायचा वस्तीचा हक्कही त्याच कागदात लिहिला गेला.