गुरुदत्त मोघ्यांची बॅटरी ग्रिप

ज्यांच्या बारशाचे फोटो काढले त्यांच्याच लग्नालाही मोघे उभे, असं पनवेलात गुरुदत्तरावांबद्दल बोललं जायचं आणि ते ऐकायला त्यांना फार आवडायचं. देवाने पदरी मूलबाळ घातलं नाही, दुकानही वाढलं नाही. मान म्हणावा तर एवढाच. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी करंजाड्याच्या वळणावर स्कूटर घसरली, उजव्या मनगटात धातूची पट्टी बसवावी लागली आणि डॉक्टर म्हणाले, "आता हात एवढाच वळणार," तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आधी आला तो नवरानवरीचा उभा फोटो.

आडव्या फोटोची अडचण नव्हती. उभ्यासाठी कॅमेरा फिरवला की कोपर खांद्याच्या वर जायचं आणि मनगटातून कळ निघायची. चार-पाच फोटो झाले की हात थरथरायला लागायचा. आणि लग्नात तर निम्मे फोटो उभेच.

उपाय अन्वर मुकादमने सांगितला. त्याचं कॅमेऱ्याच्या सामानाचं आणि दुरुस्तीचं दुकान.

"मोघेकाका, बॅटरी ग्रिप लावा. कॅमेऱ्याच्या बुडाला बसते. आत दोन बॅटऱ्या, बाजूला वेगळं बटण. कॅमेरा उभा धरा, हात सरळच राहतो."

"आणि ऐन वेळी बंद पडली तर?"

"म्हणून तर म्हणतो, घाई करू नका."

घाई करणारा तो माणूसच नव्हे. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याला बसणारी कंपनीची ग्रिप आता निघत नव्हती. दुसऱ्यांनी बनवलेल्यातलीच बघायची होती, आणि त्यात डावं-उजवं फार. अन्वरने तीन मागवल्या. पहिली हातात दाबली की करकरायची. ती तिथेच बाजूला. दुसरीत त्यांनी एक बॅटरी मुद्दाम काढून घेतली, तर कॅमेराच बंद. "एक संपली तर दुसरीने सांभाळायचं, एवढ्यासाठी तर दोन घालायच्या!" तिसरी बुडाशी घट्ट बसली, तिचं बटण अर्धं दाबलं की चित्र लगेच स्पष्ट व्हायचं. तरी त्यांनी ती आठवडाभर वापरायला नेली. भाजीबाजारात उभं राहून कोथिंबिरीच्या जुड्यांचे चारेकशे उभे फोटो काढले.

"काका," अन्वर हसत म्हणाला, "लोक जावई करतानासुद्धा एवढं बघत नाहीत."

"म्हणून तर फसतात."

तिसरी घेतली. हात दुखत नाही म्हटल्यावर माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. त्याच सुमारास करंजाड्याच्या प्रधानांकडून सईच्या लग्नाचं विचारणं आलं. सईचं बारसं त्यांनीच टिपलेलं. पण प्रधानवहिनींनी त्यांचा हात थरथरताना पाहिला होता, म्हणून प्रधानांनी स्पष्टच सांगितलं, "मोघे, सईचं नीट होऊ द्या, मग माघात निनादचंही तुमच्याकडेच." लेकीच्या लग्नावर लेकाचं लग्न टांगलं होतं, आणि खरं म्हणजे मोघ्यांचा सगळा धंदाच. प्रधान सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या शब्दावर तिथल्या चार इमारतींची कार्यं ठरायची.

खंडेनवमीला त्यांच्या पत्नीने, शोभावहिनींनी, दरवर्षीसारखा पाट मांडला. कॅमेरा, फ्लॅश, पासपोर्ट फोटो कापायची कात्री, शेजारी स्वतःची विळी. वर्षभर जी आपलं पोट भरतात त्यांना एक दिवस हळदकुंकू वाहायचं, हा त्यांचा नेम. ग्रिप घरात नवीन. बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, त्यामुळे तिचा आतला खण बाहेर काढून ठेवलेला. वहिनींनी स्वयंपाकघरातून दोनदा विचारलं, "अहो, हिला कुंकू कुठे लावू?"

गुरुदत्तराव प्रधानांशीच फोनवर बोलत होते. "लाव गं कुठेही."

वहिनींना खणाच्या टोकाशी चमकणाऱ्या बारीक पिना दिसल्या. हेच हिचं तोंड असणार, असं समजून त्यांनी ओल्या बोटाने तिथेच हळदकुंकू लावलं, वर दोन अक्षता टाकल्या आणि मनोभावे हात जोडले. दुसऱ्या दिवशी गुरुदत्तरावांनी अक्षता फुंकून टाकल्या आणि खण आत सरकवला. चष्मा कपाळावर होता. मधे एक साखरपुडा झाला, ग्रिप छान चालली. आतल्या आत पिना गंजत होत्या, ते कुणाला कळणार?

मार्गशीर्षात सईचं लग्न लागलं. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, सईने माळ उचलली. गुरुदत्तरावांनी कॅमेरा उभा धरला, बटण दाबलं. काही नाही. पडदा काळा. खण काढून परत घातला, तरी काळा. मग ग्रिपच सोडवायची म्हणून बुडाचं चाक फिरवायला गेले, तर मनगट वळेना. डाव्या हाताने, दातओठ खाऊन ती सोडवली, कॅमेऱ्यात सरळ बॅटरी घातली आणि मान वर केली. तोवर माळा दोन्ही गळ्यांत पडल्या होत्या आणि सनई थांबली होती.

"मोघे, आला ना?" प्रधानांनी विचारलं.

"नाही आला."

"नाही म्हणजे?"

"माळा जरा... एकदा काढून परत घातल्या तर..."

खुर्चीवर बसलेल्या सईच्या आजी, कृष्णाबाई, तिथूनच कडाडल्या. "गळ्यात पडलेली माळ उतरवायची? लग्न आहे की नाटक? माझ्या डोळ्यांदेखत असलं अशुभ चालायचं नाही!"

गुरुदत्तरावांनी मान खाली घातली, कारण त्यांच्या मनालाही आजीचंच पटत होतं. अल्बमात त्या पानावर शेवटी एका मावसभावाच्या मोबाइलमधला फोटो गेला, कडेला कुणाचं तरी कोपर घेऊन.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच ते अन्वरकडे गेले. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच ग्रिप काउंटरवर आपटली.

"खोटा माल गळ्यात मारलास माझ्या! घरच्यासारखा म्हणून विश्वास टाकला तुझ्यावर!"

अन्वरने खण बाहेर काढला, भिंग लावलं आणि कापसाची काडी पिनांवरून फिरवली. काडी लाल झाली.

"काका, हे काय आहे?"

कुंकू ओळखायला भिंग कशाला लागतं?

"ओल लागली, त्यात पिना गंजल्या, वीज पोचेना," अन्वर हळूच म्हणाला. "साफ करून देतो. मालात खोट नाही."

गिऱ्हाइकं भिंतीकडे बघायला लागली. माफी मागायला म्हणून गुरुदत्तरावांनी तोंड उघडलं, आणि निघालं एवढंच, "किती वेळ लागेल?"

घरी वहिनी वाटच बघत होत्या. "काय म्हणाला तो? कबूल केलं का?"

"तुझं कुंकू निघालं आत. तुझ्या भक्तीने माझा धंदा बुडवला."

वहिनींचा हात पिठातच राहिला. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"तुला स्वतःला समजायला नको?"

"दोनदा विचारलं होतं, अहो."

खरं होतं ते, म्हणून गुरुदत्तराव आणखी चिडले. वहिनींनी हात धुतले आणि देवापुढे जाऊन बसल्या. देवाला त्या काय म्हणाल्या ते देवालाच ठाऊक. त्यानंतर घरात बोलणं राहिलं ते दूध, लाइट बिल आणि औषधांपुरतं.

ग्रिप मात्र पहिल्यासारखी चालू लागली. रोज सकाळी ते तपासायचे, एकदाही अडली नाही. पौषात प्रधान स्वतः येऊन निनादची पत्रिका देऊन गेले. "या वेळी निवांत पाहुणे म्हणून या, मोघे. हाताला त्रास नको." गोड बोलून माणूस दार लावून घेतो ते असं. मग सोसायटीतल्या आणखी तिघांनी तेच ऐकवलं. मोघेकाकांच्या हाताचं आता खरं नाही, असं करंजाडेभर झालं होतं. हाताची चूक नव्हती हे सांगायचं, तर कुंकवाचं सांगायला हवं. मग लोक हसतील आणि शोभाचं नाव चारचौघांत निघेल. घरात ज्या बाईशी ते धड बोलत नव्हते, तिचं नाव बाहेर निघू द्यायला त्यांचं मन धजेना. लोकांनी दोष हाताला दिला, तो त्यांनी देऊ दिला.

माघ संपता संपता ते ग्रिप विकायला अन्वरकडे गेले. मोरा बंदराहून आलेली रोशनी तिथे तशाच जुन्या कॅमेऱ्यासाठी ग्रिप शोधत होती. कोळीवाड्यातल्या लग्नांचे फोटो काढणारी धीट मुलगी. तिने ग्रिप उलटीसुलटी करून पाहिली.

"काका, भरवशाची हाय ना? आमच्यात हळदीला मधीच बंद पडली तं बायका जित्ती सोडणार नाय."

"हिच्यात खोट नाही," गुरुदत्तराव म्हणाले. अन्वरने मान वर केली नाही.

"मंग इकता कशाला?"

"मीच लग्नं घ्यायची बंद केली. कंटाळा आला."

इतकं सरळ खोटं ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले असतील. रोशनीने ग्रिप आपल्या कॅमेऱ्याला लावली, उभा धरून अन्वरचाच एक फोटो काढला आणि खूश झाली. गुरुदत्तराव बाहेर पडले. खांद्यावरच्या पिशवीत आता नुसता कॅमेरा होता. ज्याच्या माथी सगळा दोष गेला ते मनगट अजिबात दुखत नव्हतं, आणि त्याचाच त्यांना घरी पोचेपर्यंत संताप येत राहिला.