"बायोकेमिकल" म्हणजे काय, हे सासूबाईंना सांगताना

मैत्रिणींनो, आज खरंच थकले यार.

आयव्हीएफनंतरची पहिली रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती. आज मुलुंडच्या क्लिनिकमध्ये दुसरी तपासणी केली. हार्मोनचा आकडा घसरलाय. डॉक्टर म्हणाल्या, "बायोकेमिकल प्रेग्नन्सी. रक्तात दिसली, पण सोनोग्राफीत दिसायच्या आधीच संपली. पुढच्या महिन्यात बघू."

घरी येऊन सासूबाईंना सगळं नीट समजावलं. वर मीच म्हटलं, "आई, अशी प्रेग्नन्सी तशी मोजतच नाहीत."

त्या म्हणाल्या, "मी साखर खरीच ठेवली होती ना? रड बाई तू. कुकर मी लावते."

चार वर्षांत क्लिनिकमधले सगळे शब्द पाठ झाले. "रड" असं मात्र आज पहिल्यांदा कुणी म्हणालं.

तुम्हाला कुणी म्हणालं होतं का गं?